सुताचं टोक

यंदा झाड खालून दोन हात मोकळं आहे.
थाट सगळा वर, खाली नुसती सुरूची फांदी,
कुंडी विटांनी दाबलेली,
शेंडा खिडकीच्या गजाला बांधलेला,
कारण कुंदा चढणार. चढणारच.
भाजलेल्या खव्याच्या रंगाची, म्हणून कुंदा.
कॅम्पातल्या आमच्या गल्लीत
ती "ये"लाही येते, "बा"लाही येते,
दुधाची पिशवी वाजली तर न बोलावताच.

"चमकी कुठाय वो यंदा?" आलेला प्रत्येकजण विचारतो.
इस्पेरांसमावशी तर जिन्यातूनच ओरडली,
"नाताळ आलाय की उपासाचे दिवस?"
मी केक पुढे केला.
सांगत बसलं तर लांबण लागते.

चमकीची माळ सासूबाईंची. रुपेरी.
तीस वर्षं चहाच्या पत्र्याच्या डब्यात राहिलेली.
आग्नेल ती स्वतः लावायचा,
दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.
गेल्या वर्षी तेवीस तारखेला
कुंदा जेवली नाही.
रात्री फेस ओकली.
सकाळी कपाटाखालून ओढून काढली,
तर शेपटीखाली
बोटभर रुपेरी दोरा लोंबत होता.

आग्नेल हसला. खरंच हसला.
"बघ, हिच्या पोटातनं नाताळ निघूलालाय,"
म्हणत त्यानं टोक चिमटीत धरलं

"जग्गब्याड्री!"

वरच्या मजल्यावरच्या शिवलीलाबाई,
नळाला पाणी आलंय का विचारायला आलेल्या.
चपला न काढता आत शिरून
त्यांनी त्याचं मनगट पकडलं,
वडगावात छत्तीस वर्षं माग चालवलेल्या हातानं.
मग कानडीतून मराठीत, परत कानडीत,
धापा टाकत म्हणाल्या,
दिसतंय ते टोक सुटलेलं असतं.
दुसरं कुठं अडकलंय, तुम्हाला ठाऊक आहे?
एक धागा ओढला की सगळं कापड गोळा होतं.
आतडं काय वेगळं असतंय?

डॉक्टर नंतर हेच म्हणाले, जरा मोठ्या शब्दांत.
रिक्षात टोपली माझ्या मांडीवर,
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी तारे,
आणि मी प्रत्येक माळेकडे
चोराकडे बघावं तशी बघत होते.
टाके सात.
आतून निघालेली चमकी एक वीत चार बोटं.
मध्यरात्रीची मिस्सा चुकली.
आग्नेल दवाखान्याच्या बाकावर
आपली चिमूट उघडत होता, मिटत होता.

म्हणून यंदा काचेचे गोळे भाचीला दिले.
त्यांच्या जागी खानापूरच्या मातीच्या घंट्या,
वाजत नाहीत, थडथडतात.
लिलीची फुलं थेट चर्चमध्ये पोचवली,
त्यांचे परागसुद्धा मांजराला विष, हे मला
पन्नाशीत कळलं.
वायर भिंतीला चिकटपट्टीनं बसवली.
झोपताना प्लग काढायचं काम आग्नेलचं;
तो काढतो, आणि दोनदा उठून बघतो.
शिवलीलाबाईंनी इरकलीच्या पट्ट्या दिल्या, लाल काठाच्या.
प्रत्येक पट्टीच्या दशा कापलेल्या,
कड दुमडून बारीक टीप मारलेली.
"सूत सुटलं नाही पायजे."
एवढंच बोलल्या, चहाही घेतला नाही.

गोठ्यात भाताचं पिंजर घातलंय,
त्यात कुंदा लोळते.
दोन मेंढ्या पाडल्यात, एक मेंढपाळ बेपत्ता.
तीन राजे टीव्हीवर ठेवलेत, ते अजून लांब आहेत.

एकतीसला चौकात पोरांनी ओल्डमॅन उभा केला,
जुनी पँट, पोटात गवत.
आग्नेल डबा घेऊन खाली आला.
उरलेली माळ त्यानं म्हाताऱ्याच्या गळ्यात
मफलरसारखी गुंडाळली, नीट, दोन वेढे.
पोरं ओरडली.
ती धड पेटली नाही.
आक्रसली, काळी झाली, वास सुटला.

फटाके लागायच्या आत मी वर आले.
आतल्या खोलीचं दार लावून
पलंगाखाली हात घातला.
पोटावर टाक्यांच्या जागी
केस उलटे उगवलेत,
तिथं बोट टेकलं.
तिनं नख लावलं.
बरोबर आहे.