कुत्र्याला फिनिश येत नाही

आजोबा गेले. वाटणीत मामाकडे होडी आणि जाळी,
आईकडे चांदीचे चार चमचे,
माझ्याकडे रान्ने.
नऊ वर्षांचा, रेनडिअरच्या शिंगानं फाटलेला डावा कान.

रोवानिएमीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी म्हटलं, ये.
म्हटलं, बस. थांब. खाली उतर.
सॉसेज दाखवलं.
त्यानं सॉसेज खाल्लं
आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

आजोबा आमच्याशी जन्मभर फिनिशच बोलले.
वसतिगृहाच्या शाळेत त्यांच्या जिभेला असं वळण लावलेलं
की माणूस दिसला की ती आपसूक बदलायची.
स्कोल्ट सामी उरली कुत्र्यापुरती,
जाळ्याच्या गाठी मारण्यापुरती.
आम्हाला वाटायचं, म्हातारा पुटपुटतोय.

शेवटी सेवेत्तियार्वीला फोन लावला, दोम्नाआजींना.
त्या आधी पोटभर हसल्या.
मग म्हणाल्या, लिहून कसलं घेतेस,
कुत्र्याला कागद दाखवणार आहेस?
हा घे शब्द. मधला आवाज टाळूला लाव, हलकेच दाब,
पिकल्या क्लाउडबेरीसारखा.
फुटता कामा नये.

माझा फुटायचा.
चुकलं की रान्ने मान तिरकी करायचा,
जवळपास आलं की एक कान,
आणि अकराव्या दिवशी
अख्खा कुत्रा उठून आला.
इतका सरळ मास्तर मला शाळेत भेटला नव्हता.

आजींनी पुढे तीन शिव्या शिकवल्या:
लांडग्यासाठी, कुत्र्यासाठी, नवऱ्यासाठी.
फार्मसीतली एकजण म्हणाली,
तीनेकशे माणसं बोलतात, शिकून काय करणार?
मी तिच्या गोळ्या मोजत होते.
आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

मग एका रात्री आठवलं.
शुक्रवारी निघते, असं मी फोनवर सांगितलं
की रिसीव्हर ठेवता ठेवता
आजोबा कुत्र्याला काहीतरी म्हणायचे.
नेहमी तेच. अर्धं मला ऐकू यायचं.
ते अर्धं मी मोठ्यानं म्हणून पाहिलं.

रान्ने ताडकन उठला,
खिडकीशी गेला,
पुढचे पाय चौकटीवर ठेवून उभा राहिला.

आजींना विचारलं. त्या जरा गप्प झाल्या.
म्हणाल्या, 'बघ रे, येतेय का.'

मी त्याच्या मागेच होते, हातभर अंतरावर.
तो काचेला नाक लावून
खाली पार्किंगच्या बर्फात
मला शोधत होता.