वीसपैकी अकरा

तापकीर गल्लीत, लुंकडांच्या दुकानात
तार मीटरवर मिळते.
लाल-काळी, जोडीची.
मोजून देणारा पोऱ्या
वर वीतभर जास्तच सोडतो.
माझी तीच. चौदा वर्षं झाली.

दामल्यांची डब्यातून आली.
डब्यात मखमल, मखमलीत ती,
नव्या जावयासारखी अंग राखून पडलेली,
सोबत कसलंसं प्रमाणपत्र.
किंमत विचारली तर स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले,
हिला सांगू नका.

मी टेलिफोन खात्यातला.
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं
तांब्यातून माणसं जाताना ऐकली.
कुणी वारल्याचं, कुणी पास झाल्याचं
त्याच जोडीतून, त्याच जाडीच्या.
तांब्याला मत नसतं, मी म्हणालो.
कानाला असतं, दामले म्हणाले.
मग म्हटलं, होऊनच जाऊ दे.

रविवार. सहकारनगर, दुसरा मजला, दुपारचे दोन,
अख्खी सोसायटी निजलेली.
दोरीवर पलंगपोस टाकून पडदा केला.
पडद्यामागे कुमुदवहिनी, स्क्रू-ड्रायव्हर, वही, एक नाणं.
छापा म्हणजे मखमल, काटा म्हणजे लुंकड.
खेपा वीस.
ऐकायचा भीमपलास,
दामल्यांच्या थोरल्या बहिणीनं
चौऱ्याहत्तर साली घरच्या बैठकीत गायलेला,
मामांनी स्पूलवर टिपलेला, पुढं सीडीवर उतरवलेला.
त्यातली सुरुवातीची चाळीस सेकंदं, बास.

दामले डोळे मिटून.
ही उघडी आहे. हवा खेळतेय हिच्यात.
ही कोंदट.
ही... थांबा... ही उघडी.
मी लिहून घेत होतो, कारकुनासारखा.
सातव्या खेपेला खाली भंगारवाला ओरडला,
ती पुन्हा केली.
बाराव्यानंतर वहिनींचा एक सुस्कारा आला,
तोही दामल्यांनी उघडा म्हणून धरला की काय, कोण जाणे.

वह्या जुळवल्या.
वीसपैकी अकरा.
नाण्यालाच विचारलं असतं तर दहा.
त्यांना तो एक डोंगराएवढा दिसला,
मला उरलेले नऊ.
आवाज चढले. माझा जरा जास्त.

तेवढ्यात वहिनी गुडघा धरत पडद्याबाहेर आल्या.
म्हणाल्या, तेराव्यापासून मी काही बदललंच नाही.
वाकवत नव्हतं.
नाणं उडवत होते, वहीत मांडत होते,
तार आपली होती तीच.
कोणती? आम्ही दोघंही.
आता ते कुठं लक्षात राहतंय?
आणि दोन्ही तारा काढून, गुंडाळून,
रबर लावून ठेवल्या होत्या टेबलावर,
कोथिंबिरीच्या जुड्यांसारख्या.

मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या,
बरं, पण वन्सं सूर लावायच्या आधी
पुटपुटतात काय?

वीसदा ऐकलं होतं आम्ही.

पुन्हा जोडलं.
हाताला आली ती तार, घाईत, रबरासकट.
तंबोरा. एक आवर्तन. दुसरं.
आणि दोहोंच्या मधल्या फटीत,
श्वास घ्यायच्या जरा आधी,
बाईचा नेहमीचा, घरातला आवाज:
दिनू, दार लाव.

दिनू म्हणजे दामले. तेव्हा नऊ वर्षांचे.
वन्संना जाऊन आता सतरा वर्षं झाली.

दामले उठले.
दार बंदच होतं,
तरी जाऊन त्यांनी ते एकदा ओढून पाहिलं,
कडी घातली,
आणि तिथंच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.
गाणं पुढं चाललं होतं. चाळीस सेकंदं
केव्हाच उलटून गेली होती.
बंद कुणीच केलं नाही.

रात्री घरी आलो. झोप येईना.
माझ्या तारेची टोकं काळी पडली होती,
ती छाटली, ब्लेडनं नीट सोलली, पुन्हा पिळून जोडली.
दिवा घालवून बसलो.

फरक पडला.
दामल्यांना सांगू नका.