काटा

पौषातली सकाळ, सव्वासहा.
पसरणी घाटाच्या पायथ्याला माझं शटर अर्धंच वर,
आणि खालून दिसतायत
बर्गे सिस्टरच्या झेनची दोन धुळकट चाकं.

"हवा येते हो," त्या म्हणाल्या, "पण गार येते.
खटका पार लाल खुणेपर्यंत ओढला
तरी तळदेव येईस्तोवर बोटं बधिर.
परवा एका बाळंतिणीला खाली आणलं,
चार दिवसांचं पोर. शेवटी माझी शाल
जाळीत कोंबली
आणि हीटरच बंद केला."

बंद हीटर चालू हीटरपेक्षा ऊबदार,
अशी तक्रार पंचवीस वर्षांत आली नव्हती.

लोकांना वाटतं आत एखादी शेगडी असेल.
शेगडी नसते.
इंजिनाला जी ऊब नकोशी होते
तीच पाण्यातून फिरून आत येते,
उष्टी म्हणा हवं तर.

अर्शदला म्हटलं, झाकण काढ, गार आहे तोवर.
(तापल्यावर काढलं की काय होतं
ते माझ्या डाव्या मनगटावर लिहिलंय.)
पाणी काठोकाठ, हिरवं.
पायाखालची मॅट कोरडी, गोडूस वास नाही.
केबल ओढली, व्हॉल्व्ह पुरता उघडला.
इंजिन चालू ठेवून दोन चहा झाले.
मग भिंतीत शिरणारे दोन रबरी पाइप
दोन हातांनी धरले, नाडी धरावी तसे.
एक गरम, एक गार असता
तर आतली कॉइल तुंबलीय म्हणून मोकळा झालो असतो.
दोन्ही कोमट. सख्खे भाऊ.

"किती आहे?" सिस्टरनी विचारलं,
जणू थर्मामीटर माझ्याच काखेत.

"घाट चढताना काटा कुठं असतो?"
"कुठला? तो कोपऱ्यातला?
तो कधी उठतच नाही.
मला वाटायचं, गाडीची तब्येत चांगलीय."

त्या एसटीनं वर गेल्या.
मी बाराचा पाना घेतला. दोन बोल्ट.
थर्मोस्टॅटचं घर उघडलं
तर आत कोणी राहतच नव्हतं.

आणि तोंडाला पॅकिंग, लग्नपत्रिकेचं,
कात्री न लावता
हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं ठोकून कापलेलं.
"श्रीकृपेकरून"मधलं "कृपे" तेवढं शाबूत.
हे ठोकणं मी ओळखतो.
बाबालाल मिस्त्री.
आणि बॅटरी धरून शेजारी उभं पोरगं, मी.

वैशाखात खंबाटकीत उकळलेल्या गाड्या
दोराला बांधून यायच्या, रांगेनं.
"काढून टाक त्यो," मिस्त्री म्हणायचे,
"आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?"
आणि गाड्या जायच्या की!
गिऱ्हाईक हात जोडून जायचं.
डब्यात थर्मोस्टॅट साठत गेले,
पितळेच्या भावानं भंगारात गेले.
पुढच्या पौषाचं कुणी विचारलं नाही.

त्यांनाही कधी तापलेलं पाहिलं नाही.
पोरगा सामान घेऊन निघाला त्या दिवशीसुद्धा
कार्बोरेटर धूत बसलेले.
आम्हाला वाटायचं, तब्येत चांगलीय.

अकराच्या गाडीनं साताऱ्याहून नवा आला.
चहाच्या पातेल्यात दोऱ्यानं सोडला:
पाणी गरम होतंय, हा ढिम्म,
उकळी जवळ आली
तेव्हा कुठं हळूच तोंड उघडलं.
अर्शद हसला. "लाजतोय ओ."

पॅकिंग मीही ठोकूनच कापलं.
दुसरं येत नाही मला.

संध्याकाळी सिस्टर आल्या, चावी फिरवली.
काटा पडून राहिला बराच वेळ,
मग उठला, अर्ध्यावर आला, थांबला.
त्यांनी जाळीपुढं तळवा धरला,
उलटा केला,
बाळाच्या कपाळाला लावतात तशी
बोटांची मागली बाजू.
काही बोलल्या नाहीत.

पैसे देताना मात्र विचारलं,
"काढला कुणी होता हो?"

अर्शद माझ्याकडं बघायला लागला.

"आम्हीच," म्हटलं.