फिकट पिवळा

एमवायच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे पंखा फिरतो पण वारा येत नाही,
प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी भिंतीवर जग टांगलं.
जाड माणसं जास्त तिथे गडद लाल,
कमी तिथे फिकट.

टोंगा, नाउरू : समुद्रात सांडलेले डाळिंबाचे दाणे,
इतके बारीक की साहेबांना काडी टेकवून दाखवावे लागले.
अमेरिका तांबडी, कुवेत तांबडा.
जपान जवळजवळ कोरा, व्हिएतनाम त्याहून कोरा.
आणि आपण फिकट पिवळे,
पोह्यांत हळद कमी पडावी तसे.

"म्हणजे आपलं बरंय की," प्रमिला रेठरेकर म्हणाली.
तेवढ्यात चहा आला, आणि कचोऱ्या.

मला मिळाला एक काटा, एक टेप, एक यादी.
काट्याचं असं आहे की
रिकामा ठेवला तरी चारशे ग्रॅम दाखवतो.
मी दर घरी ते वजा करते.
कुणाचे आहेत, विचारत नाही.

परदेशीपुऱ्यात दौलतराम चौकसे.
मिल होती तेव्हा चार लूममधून पळायचे, चोपन्न किलो.
आता मॉलच्या मागच्या दारावर, रात्रपाळी, प्लास्टिकची खुर्ची.
"बसण्याचेच पैसे मिळतात, बेटा.
उठलो तर कापतात."
पहाटे तीनला शेव-परमल, दोन चहा, साखर जास्त.
एक्क्याण्णव.

विजयनगरला एक बाई चालत होत्या पट्ट्यावर,
चालून चालून खिडकीपाशीच.
उपाशी कसं राहायचं हे शिकवणारा माणूस
त्यांच्याकडून महिन्याला नऊ हजार घेतो.
त्या काट्यावर चढल्या नाहीत. "आकडा तूच लिही," म्हणाल्या,
"काहीतरी बरा."

मुसाखेडीत सावित्री डावर, विटा वाहते.
एकोणचाळीस.
टेप तिच्या कमरेला दोनदा फिरली असती,
पण तोवर तिच्या पोरानं ती ओढून
खाटेच्या पायापासून दारापर्यंत जग मोजायला घेतलं होतं.

मी रिक्षात हिशेब केला :
दौलतराम आणि सावित्री, एकशे तीस.
भागिले दोन, पासष्ट.
साहेबांना आवडेल असा एक तंदुरुस्त माणूस,
जो कुठेच राहत नाही.

रात्री हेमूचा फोन, कुवेतहून.
बासष्टचा गेला होता माझा भाऊ, आता अठ्ठ्याऐंशी.
"दिवसभर गाडी चालवतो, ताई, आणि गाडीतच जेवतो.
बाहेर पाऊल टाकलं तर चप्पल चिकटते."
तो कुठल्या रंगात धरला असेल?
इकडच्या यादीत नाव नाही, तिकडच्या यादीत तो परका.
त्याला एवढंच हवं होतं :
सराफ्यात गराडू आले का?

आले. मी तिथेच उभी होते.
ज्या ओट्यांवर दिवसा गुंजेगुंजेचा हिशेब
त्याच ओट्यांसमोर आता कढया,
आणि लोकेश, हातानेच पाव किलो जिलबी तोलणारा,
कधी कमी नाही, कधी जास्त नाही.
माझ्या पिशवीतला काटा त्यानं पाहिला.
"भिया लोग, सरका जरा," म्हणत चढला,
वर झारा हातातच.
"सांगू? बहात्तर."

काट्यावर बहात्तर पूर्णांक चार.
मी वजाबाकी केली आणि काही बोलले नाही.

"मग? जास्त की कमी?"
नुसत्या वजनानं ते कळत नाही, उंची लागते, म्हटलं,
आणि पिशवीत हात घातला.
पावती, पेन, अर्धी कचोरी.
टेप मुसाखेडीतच राहिली होती.

"राहू दे," तो म्हणाला, "गराडूवर जीरावन टाकू?"
टाक म्हटलं. थोडं जास्तच टाक.