कोअर

एकतीस वर्षं उद्यमनगरात
मी कोअर शॉपला होतो.
म्हणजे वाळूत मळी कालवायची,
पेटीत ठोकून बसवायची, भाजायची,
आणि साच्याच्या पोटात ठेवून द्यायची.
तिच्याभोवती लोखंड ओततात.
गार झालं की वाळू झाडून टाकतात.
राहते ती पोकळी,
पंपातलं पाणी फिरतं तिच्यातनं.
बिलात वजन लोखंडाचं लागतं.
पोकळीचं कोण लावणार.

शियेच्या माळावर दीड गुंठा घेतला तेव्हा
मालनला म्हटलं,
एक आता आपल्यासाठी करू.

पाया आखायला इलाही मिस्त्री आला.
कमरेवर हात ठेवून उभा राहिला.
"कोपराच न्हाई तर वळंबा कुठं सोडू?"
मी मधोमध खुंटी ठोकली, दोरी बांधली,
टोक त्याच्या हातात दिलं.
एक फेरी मारून तो जिथनं निघाला तिथंच आला
आणि काही न बोलता
वळंबा पिशवीत टाकला.

ग्रामपंचायतीच्या अर्जात छपराला तीन चौकटी:
कौल, पत्रा, स्लॅब.
ग्रामसेवकानं पेन दोनदा झटकलं
आणि कौलावर खूण केली.
मेहुण्यानं विचारलं, ईशान्य कोपरा कुठाय?
मी बोट केलं.
बोट थांबेना, भिंतीच्या रेघेवरनं
पुढंच सरकत गेलं.

मालन मांडव-कनाती शिवणारी.
तिनं ताडपत्रीच्या सोळा फाका कापल्या,
कलिंगडाच्या असतात तशा.
तेरा दिवस मशीन चाललं.
दोन सुया मोडल्या, एक तिच्या बोटात.
भट्टीवरचा जुना ब्लोअर लावला
तर ताडपत्री उठली
म्हैस उठते तशी,
आधी मागनं.

खाली खाणीत सुरुंग उडत होते.
आणि वर, दगडाच्या गावात,
मी सिमेंटात राख आणि फेस कालवत होतो.
पहिला ठोकळा वाळला, बादलीत टाकला. तरंगला.
खाणीवरच्या पोरांनी बोटानं दाबून बुडवला,
परत वर.
इलाही बराच वेळ बादलीत बघत होता.
त्याचं घर चिखलीला, नदीच्या अंगाला.
"पुन्यांदा बुडव," एवढंच म्हणाला.

तिसरा थर ओला असताना
रात्री तीनला लाईट गेली.
घुमटानं श्वास सोडल्याचा आवाज आला.
मालन चपला न घालता गुऱ्हाळाकडं पळाली.
मी ब्लोअर काढला, नळीच्या तोंडात
गोणपाट कोंबलं आणि छातीनं दाबून धरलं.
आतनं हवा ढकलत होती.
एकतीस वर्षांत बिलात न लागलेलं
सगळं वजन
बरगड्यांवर आलं.

धोंडीराम ट्रॉलीत इंजिन घालून आला,
काहिलीखालचा जाळ तसाच सोडून.
अंगाला त्याच्या गुळाचा वास.
तोवर पश्चिमेला एक पोचा पडला होता.
अजून आहे.
पोरं घराला ढेप म्हणतात,
आणि पोच्याला, माकडानं खाल्लेली जागा.

अठ्ठाविसाव्या दिवशी हवा सोडली.
दारातनं ताडपत्री ओढून काढली,
वार पडावी तशी, ओली, जड, घडीघडीनं.
इलाही आत गेला, खोकला,
आणि स्वतःच्याच खोकल्याला दचकला.

कपाट कुठंच टेकत नाही.
त्याच्यामागं मांजर राहतं.

माझे कान फौंड्रीत गेले.
मालन माझ्याशी ओरडून बोलते,
शेजारी बसली असली तरी.
पहिल्या रात्री ती पलीकडं गॅसशी, पाठमोरी.
मी इकडं भिंतीला डोकं टेकून.
ती स्वतःशीच पुटपुटली, कुणासाठी नाही,
आणि ते पुटपुटणं भिंतीवरनं चढलं,
वर जाऊन वळलं, उतरलं
माझ्या कानाशी:

"मीठ दोनदा पडलं वाटतं."

ताटावर बसलो.
आमटी खारट होती.
मी काही बोललो नाही,
आणखी थोडी मागून घेतली.