तिसरी रेघ

सभा माझ्याच वर्गात भरली, कारण
गावात शेगडी पेटलेली तेवढी एकच मोठी खोली.
पोरांच्या बाकांवर बापे आणि बाया,
गुडघे छातीशी घेऊन,
परीक्षेला बसल्यासारखे.

कंपनीचा माणूस तिबिलिसीहून आलेला.
त्याच्या नकाशाला प्लास्टिकचं आवरण,
दिव्याची तिरीप नेमकी आमच्या गावावर पडायची
आणि गाव दिसायचं नाही.
म्हणून म्हणाला, बाई, तुम्ही फळ्यावर काढा.

काढलं. भूगोल शिकवते, हात बसलेला आहे.
पांढरी रेघ नदीकाठाने, बटाट्याच्या वाफ्यांतून,
उशांगीच्या चाळीस मधपेट्यांच्या पायाशी.
पिवळी वर, फरच्या रानातून,
जिथे खडकातून खारट, बुडबुड्यांचं पाणी येतं
आणि पोट बिघडलं की सगळं गाव तेच पितं.
तिसरी निळी: पूल ओलांडून
पलीकडच्या अर्मेनियन वस्तीच्या कुरणावरून.

निळी काढताना वर्ग जरा सैल झाला.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
ही बरी दिसते.

उशांगीने विचारलं, आवाज येतो का वायूचा?
माणसाला नाही येत.
मी माणसाचं विचारलं नाही, म्हणाला उशांगी.

झाझाला मात्र पाइपलाइन हवीच होती, कुठूनही.
त्याचा मुलगा पोलंडमध्ये कोंबड्या कापतो,
फोनवर चेहरा दाखवत नाही,
कापूस बांधलेली बोटं दाखवतो.
दोन वर्षं वेल्डिंगचं काम निघालं तरी
दोन वर्षं घरी जेवेल, म्हणाला,
आणि मग त्याच्याकडे कुणी बघेना.

भरपाईचा तक्ता वाचून झाला.
अक्रोडाचं झाड, फळ देणारं: इतके लारी.
न देणारं: निम्मे.
लामारा उठली. माझं एक वर्षाआड देतं,
तुम्ही कुठल्या वर्षी येणार?
हसले सगळे. तो लिहून घेत होता.

मग पिक्रिया, ऐंशी पार,
शेगडीशेजारची जागा न सोडता:
यातला आम्हाला किती?
नाही आजी, हा पुढे जाणारा वायू.
इथे तोटी नाही.
तिने शेगडीत एक ओंडका सरकवला.
आमच्याकडे पाहुणा देवाने धाडलेला असतो, पोरा.
पण जो अंगणाखालून जातो
आणि घोटभर पाणीही मागत नाही,
त्याला काय म्हणायचं, ते माझ्या सासूने शिकवलं नाही.

शेवटी हात वर करायचे ठरले.
पांढरीला झाझा.
पिवळीला कुणी नाही.
निळीला इतके हात
की मोजताना मी दोनदा चुकले.

त्या कुरणाच्या कडेला सिरानुश राहते.
आईच्या शेवटच्या हिवाळ्यात
पूल गोठलेला असताना दूध घेऊन यायची,
किटली कोटाच्या आत धरून.
त्या सभेला पलीकडचं कुणी नव्हतं.
बोलावलं नव्हतं. त्यांची सभा वेगळी, गुरुवारी,
आणि तिथल्या फळ्यावर
कुठली रेघ बरी दिसेल, ते मला कळत होतं.

सगळे पांगल्यावर निळी रेघ
अंगठ्याने पुसून थोडी वर सरकवली.
माझ्या फळ्यावर एक अंगठा म्हणजे तीन किलोमीटर.
वर त्यांचं कब्रस्तान.
खाली आणली. खाली सिरानुशचं छप्पर.
मधे ठेवायला रेघ फार जाड होती
किंवा जागा फार कमी.

मग ओल्या फडक्याने सगळा फळा धुतला.
ओला असेपर्यंत स्वच्छ दिसला.

सकाळी वाळल्यावर तिन्ही परत वर आलेल्या, पुसट.
नुक्री लवकर येतो, बाप ट्रॅक्टरवर सोडतो म्हणून.
त्याने वहीत त्या नद्या समजून उतरवून घेतल्या होत्या,
उताराची दिशा दाखवणारे बाण काढून.
बाणांच्या टोकाशी पान संपत होतं.

बाई, ही तिसरी
कुठल्या समुद्राला मिळते?

मी म्हटलं, कोट काढू नकोस इतक्यात,
आधी बाहेरून लाकडं आण.