बाविसावी ओळ

पत्र करिंथहून आलं. एका बाईनं आणलं,
मेणकापडात गुंडाळून, पोटाशी बांधून;
समुद्राचं मीठ अजून तिच्या भुवयांवर होतं.
टायबरपलीकडे, चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीत,
चौथ्या मजल्यावर आम्ही दाटीवाटीनं बसलो.
युफ्रानोर वाचत होता. दिवा मी धरलेला,
माझे हात तसेही गंधकाच्या धुरीनं भाजलेले,
तेलाचा चटका मला कळत नाही.

पत्र लांब होतं.
खेलिडोन दोनदा पेंगली.
मला निम्मं कळलं, निम्मं वातीनं खाल्लं.
मग शेवटी सलाम आले,
एकेकाला, नावानिशी.
ज्याचं नाव येई तो नकळत ताठ बसे,
गाढवं हाकणारा तो म्हातारासुद्धा,
जणू कुणी मागून पाठीवर थाप मारली.
नावेतून आलेली नावं ती,
एकही भिजलं नव्हतं.

मग माझ्या भावाचं नाव आलं.
आणि पाठोपाठ: त्याची बहीण.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
मी दिवा जरा खाली घेतला.

जिन्यात खेलिडोन म्हणाली,
अगं, तुझं नाव बोटीतच राहिलं वाटतं.
तिला सगळ्यांना नावं ठेवायची खोड.
मला नाव ठेवलं ते इफिसच्या दलालानं,
लिलावाच्या आदल्या रात्री, खडूनं पाय पांढरे करताना;
गिऱ्हाइकाच्या जिभेवर चटकन बसेल असं.
आई हाक मारायची ती भाषा
भावालाही आता येत नाही.
एकदा विचारलं तर म्हणाला,
त्यात 'झ'सारखं काहीतरी होतं,
आणि शेवट ती लांबवायची.

धन्याच्या वहीत आम्ही दोघं आहोत.
प्रिस्कस कारकुनानं एकदा वाचून दाखवलं होतं, चेष्टेनं:
भाऊ सतराव्या ओळीत, हिशेबाच्या पोरांत.
मी बाविसाव्या.
मध्ये खेचरांची जोडी, तांब्याची कढई,
एक लंगडा माळी,
आणि चीर गेलेला रांजण.

कायद्याला आमची आई माहीत नाही.
गुलामाला बहीण नसते,
खेचराला नसते तशीच.
भाऊ उद्या विकला गेला तर
रडायचं ते हौदांच्या मागे जाऊन,
जिथे गल्लीगल्लीतलं मूत साठवतात
लोकरीचा मळ काढायला.
तिथे सगळ्यांचेच डोळे लाल असतात,
कुणी विचारत नाही.

आणि हा कोण माणूस, ज्याला मी कधी पाहिलं नाही,
समुद्रापलीकडे बसून कुणाला तरी सांगतो, लिही:
त्याची बहीण.

शाईनं.

रागवावं की काय करावं, मला ठरवता येईना.
दोन दिवस हौदात पाय मारत राहिले.
नाव विसरला असेल.
कुणी सांगितलंच नसेल त्याला.
विचारायचं तरी, एवढं लांबलचक लिहिताना!
पण खेचरं, कढई, माळी, रांजण
सगळं त्यानं उचलून बाजूला केलं
आणि आमच्या दोघांत
एक 'आणि' तेवढा ठेवला.

भावाला म्हटलं तर तो म्हणाला,
तुला सलाम मिळाला ना? मग झालं.
त्याला मिळालेलं नाव तो आठवडाभर
शीळ घातल्यासारखं मिरवत होता.

तिसऱ्या रात्री युफ्रानोर नक्कल करायला बसला,
टेकडीवरच्या मंडळीसाठी.
म्हटलं, कुठे आहे ते दाखव.
त्यानं बोरूचं टोक एका जागी रोखलं.
मुंगीएवढी अक्षरं. एक मान वाकडी केलेलं.
मी बोट ठेवलं.
जरा जास्तच दाबलं.
अगं, अगं, म्हणून तो ओरडेपर्यंत
पिवळा ठसा उमटला होता, गंधकाचा,
वासासकट.

नक्कल त्यानं सुबक केली.
अक्षर न् अक्षर जसंच्या तसं.
डाग तेवढा उतरवला नाही.